आधी तिचं नाव घे

फार वर्षांपूर्वी, विहिरीवर इंजिनाची फटफट ऐकू यायच्या कितीतरी आधी, पाणी बैल काढायचे आणि बैलांना माणसं शिव्या द्यायची. त्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी, कारण तोंड खराब आहे ते मोठ्यांचंच.

तांबखडी नावाचं गाव होतं. गाव अजून आहे. तांबड्या मातीचं, उतारावरचं गाव. होळी झाली की ओढा आटायचा आणि मग सगळ्यांचा जीव विहिरींवर. त्या गावात आनसा नावाची बाई होऊन गेली. तिला अजूनही मोटकरीण आनसा म्हणतात. आता ज्यांनी मोट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. मोट म्हणजे चामड्याची भलीमोठी पिशवी. ती दोराला बांधून विहिरीत सोडायची. बैल दोर ओढत उतारावरून खाली गेले की भरलेली मोट वर यायची आणि पाणी पाटात पडायचं. मग बैलांनी एकेक पाऊल मागं सरकत विहिरीपाशी यायचं, म्हणजे मोट पुन्हा खाली. त्या उताराला धाव म्हणतात. हे काम गड्यांचं. बाईनं मोट हाकलेली तोवर कुणी ऐकली नव्हती.

आणि तांबखडीचे गडी शिवीशिवाय बोलत नसत. तंबाखू मागायची तर शिवी, ठेच लागली तर शिवी, जिवाभावाचा मित्र भेटला तरी आधी शिवी, मग मिठी. बरं, शिवी कुठली? आईवरची. ती मी इथं उच्चारणार नाही. उच्चारायची गरजही नाही, तुम्हाला ती पाठ आहे, आणि माझा राग आहे तो त्याचाच. भांडण दोन गड्यांचं असायचं, बांधावरून नाहीतर कोंबडीवरून. त्या भांडणात जिचा काडीचा संबंध नाही, जी घरी चुलीपुढं बसून ह्याच गड्यासाठी भाकरी थापतेय, तिला ओढून आणायचं आणि भर चावडीत तिची अब्रू काढायची. बापाला कुणी हात लावत नाही. बापाचं नाव लावायचं आणि शिवी आईवरून द्यायची, हा कुठला न्याय? कुणी विचारलंच तर म्हणायचे, तोंडातली सवय आहे, मनात काही नसतं. मनात काही नसतं, तर तीच शिवी दुसऱ्यानं दिली की कुऱ्हाड कशाला उचलता?

असो. मी चिडते ती चिडतेच, गोष्ट पुढं नेते.

तर ही शिवी माणसांवरून बैलांवर गेली. खोंड जुवाला शिकवताना गडी पहिल्या दिवसापासून तीच शिवी हासडायचा आणि पाठीवर चाबूक ओढायचा. मुक्या जनावराला काय कळणार? त्याला वाटलं, चल म्हणायचं ते असंच म्हणतात. हळूहळू झालं काय, की तांबखडीच्या बैलाला दुसरी भाषाच उरली नाही. हो म्हणा, चल म्हणा, गूळ दाखवा, बैल खांबासारखा उभा. शिवी ऐकली की निघाला. एकदा माळ घातलेल्या एका भल्या माणसानं बाजारात तांबखडीचा देखणा बैल विकत घेतला आणि आठवड्याच्या आत तो ओढत परत आणला. म्हणाला, "बाबांनो, बैल गुणाचा आहे, पण जागचा हलत नाही." गावकरी म्हणाले, "आईवरून शिवी द्या, पळत सुटंल." त्या माणसानं कानावर हात ठेवले आणि बैल तिथंच सोडून गेला, असं म्हणतात. ह्या गोष्टीवर गावानं पोट धरून हसावं! लाज वाटावी असं त्यात काही आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आनसाला मात्र ही शिवी सुरुवातीपासून झोंबायची. त्याचं कारणही लोकांना हसू येईल असंच होतं. तिच्या लग्नात तिच्या बापानं हरणी नावाची एक गाय आंदण दिली होती. माहेरचं माणूस म्हणून सासरी तिच्यासोबत आली ती एवढीच. तांबूस अंगाची, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. नव्या घरात आनसा कुणाशी बोलू शकत नव्हती तेव्हा ती गोठ्यात जाऊन हरणीशी बोलायची. हरणीला दोन गोऱ्हे झाले, एक चांद्या आणि दुसऱ्या वर्षीचा मोरक्या. पुढं हरणी म्हातारी होऊन गेली. आनसानं तिला परड्यातल्या लिंबाखाली पुरलं आणि घरचं माणूस गेल्यासारखं सुतक पाळलं.

चांद्या-मोरक्या कामाला आले तेव्हा आनसाचा नवरा भिवा तापानं पडलेला. म्हणून खोंडं शिकवली ती रावजीनं. रावजी हा भिवाचा चुलतभाऊ. अंगानं आडदांड आणि तोंडानं त्याहून. त्यानं गावाच्या रीतीनं खोंडं शिकवली. त्यांच्या आईवरून त्यानं पहिली शिवी दिली तशी आनसा घरातून धावत बाहेर आली आणि म्हणाली, "भावजी, त्यांची आय म्हंजी माजी हरणी. तिला कशापायी बोलता?"

रावजी इतका हसला की त्याच्या हातचा कासरा गळला. "अगं वहिनी, गायीला शिवी लागती व्हय!" संध्याकाळपर्यंत गावभर झालं, आनसाला बैलाच्या आईवरून दिलेली शिवी लागते. पाणवठ्यावर बायकासुद्धा हसल्या. मला सांगा, त्या बायकांनी तरी का हसावं? त्यांच्याच आयांच्या नावानं गाव दिवसभर बोंबलत होतं आणि ह्यांना हसू येत होतं. कानाला सवय झाली की असंच होतं.

काही वर्षं गेली. एका उन्हाळ्यात मोट हाकताना दोर तुटला, भिवा धावेवर आपटला आणि त्याची कंबर मोडली. तो खाटेवर पडला तो पडलाच. विहीर भावकीतली, चार वाट्यांची. ज्याच्या पाळीचा दिवस त्यानं पाणी काढायचं, दिवस मावळला की पाळी संपली. आणि त्या विहिरीचा एक जुना नियम होता. लागोपाठ दोन पाळ्या मोकळ्या गेल्या तर त्या घराचा वाटा मोडायचा आणि शेजारच्या वाट्यात जायचा. शेजारचा वाटा रावजीचा. भिवा पडल्यानंतरची पहिली पाळी मोकळी गेली. आता दुसरी आली. पाणी गेलं तर शेतातली मिरची तर जळणारच, पण पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात ते रान कोरडं राहणार होतं. मोडलेल्या कंबरेचा नवरा आणि कोरडं रान घेऊन आनसानं जायचं कुठं?

भावकीत कुणी मदतीला आलं नाही. रावजीशी वाकडं कोण घेणार? शेवटी आनसानं पदर खोचला, बैल सोडले आणि ती स्वतः धावेवर उभी राहिली.

बाई मोट हाकायला उभी राहिली म्हटल्यावर गाव गोळा झालं. गडी विहिरीच्या काठावर तंबाखू मळत बसले. आनसानं मोट खाली सोडली, बैल जुंपले आणि म्हणाली, "चला रं लेकरांनो." बैल ढिम्म. तिनं पाठीवर हात फिरवला, शेपटी पिरगाळली, गूळ दिला. बैलांनी गूळ खाल्ला आणि आणखी मागितला. दिवस डोक्यावर आला. पाटाची माती तडकायला लागली.

रावजी काठावरून म्हणाला, "वहिनी, कशाला जीव काढताय? म्हणा की दोन शब्द. आत्ता पाणी लागंल."

"मी म्हणणार न्हाय."

"मग बसा. दिवस काय थांबत न्हाय."

आनसा मधेच भिवाला पाणी पाजायला घरी गेली. भिवानं खाटेवरूनच तिला विचारलं आणि सगळं ऐकून तो रडकुंडीला आला. म्हणाला, "आनसे, म्हण की बाई. रान जाईल. द्येव काय कान लावून बसलाय व्हय?"

"द्येव नसंल," आनसा म्हणाली, "पर हरणी हाय."

ती परत आली तेव्हा उन्हं कलली होती. काठावरची माणसं वाढली होती. आता त्यांना पाणी बघायचं नव्हतं. बाईच्या तोंडून ती शिवी ऐकायची होती! दिवसभर ते त्याचीच वाट बघत बसले होते, आणि त्यांच्यात कुणाचे मुलगे होते, कुणाचे बाप होते. आनसानं त्यांच्याकडं बघितलं. मग वाळलेल्या मिरचीच्या रानाकडं बघितलं. रान राखायचं तर तोंड विटाळायचं, तोंड राखायचं तर रान जाणार. तिनं दोराला हात घातला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"तुझ्या आयचं..."

काठावरचे गडी पुढं झुकले. कुणीतरी खुदकन हसलं. आणि बैलांनी, ज्यांना जन्मभर ह्याच दोन शब्दांपाठोपाठ चाबूक पडायचा हे ठाऊक होतं, त्यांनी मान खाली घातली आणि खांदे जुवाला लावले. आनसानं डोळे उघडले. बैल निघायच्या बेतात होते. तेव्हा तिच्या पोटातून हाक फुटली:

"तुझ्या आयचं नाव हरणी!"

ती हाक विहिरीत उतरली, तळाला गेली आणि परत आली. पण परत आली ती आनसाच्या आवाजात नाही. एखादी गाय संध्याकाळी वासरासाठी हंबरते तशी विहीर हंबरली, असं म्हणतात. चांद्या-मोरक्यानं कान टवकारले, शेपट्या उभारल्या आणि दोघं धावेवरून असे उतरले, की दोर करकरला. मोट काठोकाठ भरून वर आली. तळाला हातभर पाणी असताना ती भरली कशी, हे कुणाला सांगता आलं नाही. तिच्यातून एक थेंब खाली गळला नाही आणि सगळं पाणी पाटात पडलं. बैलांना मागं या म्हणावं लागलं नाही. आनसा "तुझ्या आयचं नाव हरणी" म्हणायची, की ते जायचे. ती गप्प राहिली, की आपले आपण मागं यायचे.

आता कुणी शहाणा म्हणेल, बैलांना पहिले दोन शब्दच कळत होते, पुढं काय बोललं त्याला महत्त्व नव्हतं. तसं असेल बुवा! पण मग तो हंबरडा कुणाचा होता, तेही त्या शहाण्यानं सांगावं.

पाणी मिरचीत शिरलेलं बघितलं आणि रावजीचं डोकं फिरलं. हातातोंडाशी आलेला वाटा चालला होता. तो काठावर उभा राहिला आणि त्यानं आनसाला तिच्या आईवरून ती शिवी दिली. सगळी, शेवटच्या अक्षरापर्यंत. भर गावात, थोरल्या भावाच्या बायकोला.

आनसानं मोट थांबवली. ती चिडली होती, पण ओरडली नाही. म्हणाली, "भावजी, माज्या आयचं नाव पारू. ती सांजच्याला वाटंवरच्या मानसाला बोलवून ताक द्यायची. आता तिचं नाव घिऊन म्हना काय म्हनायचं ते. पारूला म्हना. मी ऐकती."

रावजी काठावरून एक पाऊल मागं सरला.

"जमत न्हाय? बरं. मग तुमच्या आयचं नाव घ्या."

"आय," रावजी म्हणाला.

"आय ही काय नाव हाय व्हय? तिचं नाव काय?"

रावजीनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. त्याला नाव आठवेना. आठवणार कुठून? ते त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. बाप तिला "अगं ए" म्हणायचा, गाव तिला "रावजीची आई" म्हणायचं. चाळिशीचा घोडा झालेला माणूस, दिवसातून शंभरदा आईवरून बोलणारा, आणि आईचं नाव ठाऊक नाही! आनसानं काठावरच्या एकेकाला विचारलं. निम्म्यांना सांगता येईना. शिवी सगळ्यांना येत होती.

तेवढ्यात बांधावरच्या बाभळीखालून एक म्हातारी काठी टेकत आली. ती रावजीची आई. शेळी राखत ती दिवसभर तिथंच बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आजचं आणि इतक्या वर्षांचं. ती विहिरीच्या काठाशी येऊन थांबली आणि लेकाकडं न बघता विहिरीत बघून म्हणाली,

"माजं नाव मैना हुतं."

हुतं म्हणाली ती. आहे म्हणाली नाही. लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदललं आणि बदललेल्या नावानंही कधी कुणी हाक मारली नाही. जिवंतपणी जिचं नाव मेलं होतं, तिच्या देहावरून मात्र गावानं रोज तोंडसुख घेतलं होतं. सांगा, कुणाला राग येणार नाही?

म्हातारीनं नाव घेतलं आणि विहिरीतलं पाणी एक पायरी वर आलं, असं म्हणतात. लोकांनी वाकून बघितलं. पायरी बुडाली होती. मग ज्याला आठवत होतं त्यानं आपल्या आईचं नाव घेतलं. कुणी म्हणालं रखमा, कुणी म्हणालं सुबा, कुणी म्हणालं ठकू. एकेका नावाला पाणी एकेक पायरी चढलं. ज्यांना नाव ठाऊक नव्हतं ते घराकडं पळाले. पिळदार मिशांचे गडी आयांच्या पुढं जाऊन उभे राहिले आणि धापा टाकत विचारायला लागले, "आये, तुजं नाव काय गं?" काही आया लाजल्या. काही रागावून आत गेल्या आणि त्यांना मिनतवाऱ्या करून बाहेर आणावं लागलं. एका आईनं तर सांगितलंच नाही. म्हणाली, "इतकी वर्सं लागलं न्हाय, आता कशाला?" आणि तिचं बरोबरच होतं.

खंडू नावाच्या एका गड्याची आई कधीच वारली होती. मामा नव्हता, मावशी नव्हती, विचारायला माणूसच उरलं नव्हतं. तो दारोदार फिरला. कुणाला ठाऊक नव्हतं. अंधार पडल्यावर तो विहिरीच्या काठावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हणून सगळ्यात वरच्या पायरीवर पाणी कधीच चढलं नाही, असं म्हणतात. ती पायरी अजून कोरडी आहे आणि तिला खंडूची पायरी म्हणतात.

रावजीनं काय केलं? त्यानं म्हातारीच्या हातातली काठी घेतली आणि तिला खांद्यावर बसवून घरी नेलं, असं काहीजण सांगतात. मला ते खरं वाटत नाही. माणूस एका दुपारीत इतका सुधारत नाही. पण त्या दिवसापासून त्यानं विहिरीच्या वाट्याची गोष्ट काढली नाही, हे मात्र सगळेच सांगतात. तशी गरजही उरली नव्हती. विहीर त्या उन्हाळ्यात आटलीच नाही आणि पाणी चारी वाट्यांना पुरून उरलं.

आनसा पुढं कितीतरी वर्षं मोट हाकत राहिली. गावचे गडी आपले बैल तिच्याकडं आणायचे आणि म्हणायचे, "आमचंबी शिकव." ती आधी विचारायची, "ह्याची आय कोन?" गायीचं नाव सांगितल्याशिवाय ती बैलाला हात लावायची नाही. कुणी म्हणालं, बाजारातून आणलाय, ठाऊक नाही, तर ती त्याला पहिल्या मालकाकडं पाठवायची, मग तो मालक दोन गावं पलीकडं का असेना. असे तांबखडीचे सगळे बैल नवी भाषा शिकले. आनसा गेली त्या दिवशी जुवाखालचे सगळे बैल थांबले आणि कुणी काही न बोलता विहिरीकडं तोंड करून उभे राहिले, असं म्हणतात.

आता मोटा गेल्या. विहिरीवर बटण दाबलं की पाणी येतं. पण तांबखडीत बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, अजून बैल वेशीत अडवतात. शिंगं रंगवलेली, झुली घातलेल्या, वाजंत्री पुढं, आणि वेशीत सगळं थांबतं. मालकानं आधी बैलाच्या आईचं नाव घ्यायचं, मग स्वतःच्या आईचं, मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. मग वेस मोकळी. ज्याच्याकडं बैल नाहीत तो ट्रॅक्टर आणतो. त्यानं एकच नाव घ्यायचं. आनसाला मूलबाळ झालं नाही. तिचं नाव घ्यायला लेक नाही म्हणून सगळ्यांचं झालं की सगळं गाव मिळून तिचं नाव घेतं.

तुम्ही विचाराल, मग तांबखडीत शिव्या थांबल्या का? छे! माणसंच ती. राग येतो, दारू पोटात जाते, तोंड सुटतं. बाहेरून आलेला तर हमखास बोलतो. त्याला तिथं कुणी मारत नाही, दंड करत नाही की उपदेश करत नाही. जवळ जो कोणी असेल, म्हातारं असो की शाळकरी पोर, तो त्याला हाताला धरून विहिरीच्या काठावर उभा करतो आणि म्हणतो, "दे की शिवी. खुशाल दे. फक्त आधी तिचं नाव घे, आणि मग ते नाव घालून पुरी कर."

परवानगी आहे. गाव उभं राहून ऐकायला तयार असतं. कितीतरी गडी त्या काठावर येऊन उभे राहिले, तावातावानं आले, शर्टाच्या बाह्या सारून आले. नाव घेतात. आणि पुढचा शब्द अजून एकाच्याही तोंडातून निघालेला नाही.